कड्यापलीकडचा समुद्र

व्हिडिओ गेम एका कॅसेटमध्ये मावेना, म्हणून कंपनीने तो मधोमध तोडून दोन भागांत विकायचं ठरवलं. त्याची चित्रं काढणाऱ्या माझ्या आईने त्याच दिवशी तडकाफडकी नोकरी सोडली. दुसरा भाग तिने कधी पाहिलाच नाही.

तीस वर्षांनी मी तो जुन्या बाजारातून आणला. त्या कॅसेटच्या डोक्यावर खाच होती. तिच्यात पहिल्या भागाची कॅसेट चपखल बसली आणि दोन्ही मिळून एकच खेळ झाला.

आईला शेजारी बसवून मी खेळायला लागले. कडा आला. पहिला भाग इथेच संपायचा. गेममधल्या सशाने उडी मारली आणि खेळ चालूच राहिला. ढगांखाली अख्खा समुद्र उजळला.

"काय सुंदर काढलायस गं, आई!"

आई पडद्याजवळ सरकली. "मी कुठे काढलाय? ऑफिसात डबा खाताना सगळ्यांना नुसतं सांगितलं होतं, पलीकडे असा समुद्र हवा म्हणून."