विजयाच्या प्रार्थनेला उत्तर

“पाद्री प्रार्थना म्हणतील, कॉयर उत्तर देईल. जमत नसेल, तर किल्ली ठेवा आणि निघा,” चर्चचे अध्यक्ष ग्रिगोरी म्हणाले.

कॉयर चालवणाऱ्या व्हेराबाईंनी हातातला कागद पुन्हा वाचला. तिकडे रशिया लढत असलेल्या युद्धात रशियन सैन्याचा विजय होवो, अशी प्रार्थना होती. प्रत्येक ओळीनंतर कॉयरने ‘प्रभू, दया कर’ असं गायचं. या रशियन चर्चमध्ये पेटी नाही, ऑर्गन नाही. माणसाचा गळा हेच वाद्य. सिडनीतला हा गळा बाईंनी चाळीस वर्षं सांभाळला होता. जुन्या रशियन पोथ्यांतल्या विसरलेल्या चाली त्यांनी डोळे फोडून उतरवून काढल्या होत्या. ती सगळी बाडं चर्चच्याच कपाटात होती. किल्ली गेली की जन्माची कमाई गेली. ग्रिगोरींना हे पक्कं ठाऊक होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं!

बाई कॉयरकडे वळल्या. पुढेच दीक्षा उभी होती. मूळची नागपूरची, धर्माने बौद्ध, आणि केवळ या सुरांच्या वेडापायी दर रविवारी पॅरामॅटाहून ट्रेनने येणारी.

“हे भांडण तुझं नाही. तू घरी जा,” बाई म्हणाल्या.

“नो वरीज. माझी शिफ्ट संध्याकाळी आहे,” दीक्षा म्हणाली. “तुम्ही सूर द्या.”

बाई हसल्या. मग त्यांनी कॉयरला हळूच काहीतरी सांगितलं.

पाद्र्यांनी विजयाची पहिली ओळ म्हटली. बाईंचा हात वर गेला आणि कॉयर गाऊ लागलं. पण ते ‘प्रभू, दया कर’ नव्हतं. ते ‘चिरंतन स्मरण’ होतं, मेलेल्या माणसाला निरोप देताना गायचं गाणं. सगळं चर्च चपापलं. म्हाताऱ्या बायका भराभर गुडघ्यांवर बसल्या.

ग्रिगोरी संतापून तरातरा पुढे आले. त्यांनी बाईंचं मनगट धरलं. बाईंनी हात खाली घेतला नाही. हे गाणं म्हणताना मृताचं नाव घ्यायची रीत आहे. बाईंनी त्यांच्या नजरेला नजर दिली.

“नाव सांगा,” त्या म्हणाल्या.

मनगटावरची पकड सुटली.

“अल्योशा,” ग्रिगोरी म्हणाले. “माझा नातू. त्याच्या आजीला अजून सांगितलेलं नाही.”