मधेच थांबवलेला भाग

"बाबा, पहिला सीझन सोडून दिला तर चालेल? रटाळ आहे म्हणतात," नव्या सुनेनं विचारलं.

"अजिबात नाही!" मुकुंदराव सोफ्यावर सरसावून बसले. अंतराळयानाच्या त्या मालिकेची त्यांनी पारायणं केली होती. "पहिल्यापासून बघायचं. अडलं की विचारायचं. मी आहे ना!"

दुसऱ्याच भागात ती म्हणाली, "पण हा निळा कॅप्टन मागच्या भागात मेला होता ना?"

मुकुंदरावांनी खूश होऊन रिमोटनं चित्र थांबवलं. "वा! अगदी मुद्द्याचं विचारलंस. सगळी मालिका याच प्रश्नावर तर..."

बोलता बोलता ते अडखळले. पूर्वी ही मालिका टीव्हीवर आठवड्यातून एकदाच लागायची, तेव्हा याच खोलीत शेजारी बसून त्यांच्या बायकोनं, शैलाताईंनी, हेच विचारलं होतं. पडद्यावरची नजरही न काढता ते खेकसले होते, "गप्प बस गं. तुला काही कळायचं नाही यातलं."

पुढच्या आठवड्यापासून शैलाताई नेमक्या त्या वेळेला स्वयंपाकघरात काहीतरी काम काढू लागल्या. निवांत बघायला मिळतं म्हणून मुकुंदरावांना तेव्हा बरंच वाटलं होतं.

"शैला, तूही ये ना," त्यांनी आत हाक मारली. "आत्ताच सुरू केलंय. परत पहिल्यापासून लावतो."

"बघा तुम्ही दोघं," मटार सोलता सोलता शैलाताई म्हणाल्या. आवाजात ना राग होता, ना रुसवा. "मला काही कळायचं नाही त्यातलं."