नाम्बोझेबाईंचं नवं स्वयंपाकघर

मासाका गावच्या नाम्बोझेबाईंना घराला जोडून स्वयंपाकघर बांधायचं होतं, पण नकाशा काढणारा मनाजोगता मिळेना. बड्या आर्किटेक्टला तर त्यांनी हाकललंच, "मेल्याच्या कागदावर धुराला वाटच नाही!"

अखेर तरुण सेबुलिबा पसंत पडला. अंगणात चटईवर शेजारी बसून त्यानं आधी विचारलं होतं, "मावशी, तुम्ही बसता कुठं नि धूर जातो कुठं?"

नकाशात फक्त चूल मांडायची राहिली, तेव्हा बाईंची लेक नासाली त्याच्यासमोरच लाजत म्हणाली, "आई, मी लग्न करीन तर सेबुलिबाशीच."



केळ्यांची टोपली तोंडापुढे धरून बाई घरामागं पळाल्या नि तिथूनच ओरडल्या, "कार्टे, आपल्यात सासू जावयाला तोंड दाखवत नाही! चूल मांडून होईपर्यंत तरी गप्प बसायचंस!"