दोरी चढवायला कुणीतरी

"हळू फिरव, लेस्टर. विहिरीतनं बादली ओढतोयस का?"

लेस्टर हसला. तीन वर्षांत व्हर्ननने त्याची केलेली ही पहिली चेष्टा होती.

त्याने क्रॉसबोच्या, त्या बंदुकीसारख्या धनुष्याच्या, पुढच्या कडीत पाय रोवला आणि दस्त्यात बसवलेलं हँडल पुन्हा फिरवायला घेतलं. दोन आकड्यांत अडकवलेली दोरी टकटक करत मागे सरकू लागली. ही दोरी हाताने ओढायची म्हटली तर भल्याभल्यांची कंबर धरते. हँडल असलं की पोरीबाळीही चढवतात. पण ऑपरेशननंतर व्हर्ननचा उजवा खांदा तेवढाही फिरत नव्हता. धनुष्य खिडकीच्या फळीवर टेकवून नेम धरता येत होता, एवढंच.

म्हणून काल तो आपण होऊन लेस्टरच्या दारात आला होता. "उद्या हरणाच्या शिकारीला मचाणावर येतोस का? मला दोरी चढवायला कुणीतरी हवंय."

लेस्टरच्या बायकोला ते आवडलं नव्हतं. "त्या माणसाबरोबर रानात एकटा जाऊ नकोस," ती म्हणाली होती. "त्याच्या हातात हत्यार असणार." लेस्टर तिच्यावर खेकसला होता, पण रात्रभर त्याला झोप लागली नव्हती.

जनेल ही व्हर्ननची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिला घेऊन लेस्टरच्या मुलाने, ट्रॅव्हिसने, दारूच्या नशेत पिकअप झाडावर घातली होती. ती गेली, तो वाचला. शिक्षा भोगून वसंतात घरी आला, आणि तेव्हापासून नुसता भिंतीकडे बघत बसायचा. गावात त्याला कुणी काम देत नव्हतं. तो धड जेवतही नव्हता. व्हर्नन त्याच्याशी एक शब्द बोलला तर पोरगं जगेल, नाहीतर हातचं जाईल, हे लेस्टरच्या बापाच्या काळजाला कळत होतं. तो एक शब्द मागायलाच तो आज आला होता.

खट्‌ आवाज झाला. दोरी अडकली. लेस्टरने हँडल काढून घेतलं. "जुनं झालं रे हे. फार वाजतं. आता बिनआवाजाची मिळतात."

"हेच बरं आहे," व्हर्नन म्हणाला. त्याने खाचेत बाण ठेवला. "तू मक्याच्या शेताकडं बघ. मी ओढ्याकडची बाजू धरतो."

मचाण म्हणजे खांबांवरची लाकडी खोली, समोरासमोर दोन छोट्या खिडक्या. दोघे पाठीला पाठ लावून बसले. नोव्हेंबरचं ऊन उतरत होतं. मागे धनुष्य कधी खिडकीतून हलतंय, कधी आत वळतंय, याकडे लेस्टरचा कान लागलेला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि आपण पाठ सांभाळतोय!

"व्हर्नन," तो शेवटी म्हणाला, "पोराबद्दल बोलायचं होतं."

"आता नको. काहीतरी येतंय."

लेस्टरने श्वास रोखला. दोरी सुटल्याचा फटका मचाणभर घुमला. खाली ओढ्याकाठच्या झुडपात काहीतरी धाडकन कोसळलं.

"लागला?"

"लागला. बरगड्यांच्या मागं."

लेस्टर वळून उठू लागला, तसा व्हर्ननने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "कुठं चाललास? अर्धा तास बसायचं. नियम विसरलास?"

लेस्टर ओशाळला. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. जखमी जनावराच्या मागे लगेच धावलं की ते जीव खाऊन पळतं आणि हाती लागत नाही. जिथे पडलंय तिथे त्याला शांतपणे मरू द्यायचं.

झुडपातून अस्पष्ट आवाज आला.

"कण्हतोय वाटतं," लेस्टर म्हणाला.

"नर कण्हतात कधीकधी. तू दोरी चढव परत. उठला तर दुसरा बाण लागेल."

लेस्टरने कडीत पाय घातला, आकडे लावले. हँडल टकटक वाजू लागलं. मधेच त्याला पुन्हा काही ऐकू आल्यासारखं झालं आणि तो थांबला.

"फिरव," व्हर्नन म्हणाला. "थांबू नकोस."

त्याने मन लावून फिरवलं. दोरी अडकली तेव्हा खाली सगळं गप्प झालं होतं.

व्हर्ननने थर्मासमधली कॉफी ओतून कप त्याच्या हातात दिला. लेस्टरची बोटं कपाभोवती उबदार झाली. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बायकोला घरी जाऊन काय काय सुनावायचं, हेही त्याने मनात ठरवून टाकलं.

"शिंगं केवढी होती?"

"शिंगांकडं नाही बघितलं."

"म्हातारा झालास, व्हर्न!" लेस्टर हसला. मग धीर करून म्हणाला, "पोराचं काय ते बोलू का आता?"

"मीच बोलतो. आज सकाळी मी त्याला फोन केला होता."

लेस्टरने कप खाली ठेवला. "ट्रॅव्हिसला? तू?"

"हं."

"मला बोलला नाही."

"मीच सांगितलं, बापाला सांगू नकोस."

लेस्टरचे डोळे भरून आले. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "काय म्हणाला रे?"

"रडला. म्हणाला, तुमच्यासमोर यायचं धाडस होत नव्हतं. म्हणाल तिथं येतो."

"मग?" लेस्टरने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "कुठं बोलावलंस?"

व्हर्ननने घड्याळ पाहिलं. अर्धा तास व्हायला अजून थोडा वेळ होता.

"इथंच. ओढ्याकडनं ये म्हटलं."