शेकाची वेळ

"आमच्या घराच्या पायऱ्या थेट नदीत उतरायच्या," सासूबाई म्हणाल्या. "पाणी चढलं की शेवटच्या पायरीशी मासे येऊन थांबायचे. पाहुण्यांसारखे."

ती गरम रुमालाखाली डोळे मिटून पडली होती. बाहेर संध्याकाळ कलत होती, पण तिच्यापुरता सगळा उजेड लालसर आणि ओलसर झाला होता. त्या उजेडात तिला पायऱ्या दिसत होत्या. मासेही.

"मग?"

"मग काय? मी सरकून त्यांना जागा करून द्यायची."

रुमाल निवला. सासूबाईंनी तो उचलला, वाफाळत्या पातेल्यात बुडवून पिळला आणि पुन्हा तिच्या डोळ्यांवर ठेवला. बोटांना चटका बसत असणार, पण त्या हूं की चूं करत नसत.

लग्नाआधी तिच्या चेहऱ्यावर मुरुमांनी ठाण मांडलं होतं. लेप झाले, मलमं झाली, शेवटी गोळ्या झाल्या. गोळ्यांनी चेहरा घासलेल्या भांड्यासारखा लख्ख केला आणि जाताना डोळ्यांतलं पाणी सोबत नेलं. गोळ्या बंद होऊन वर्ष उलटलं तरी ते परतलं नाही. पापण्यांखाली कुणी वाळू भरून ठेवल्यासारखं वाटायचं. छापखान्यात तिचं काम रंग जुळवण्याचं. नमुन्यातला निळा आणि कागदावर उतरलेला निळा एकच आहे की नाही, हे तिने सांगायचं. दुपार झाली की दोन्ही निळे धुक्यात जायचे. मग ती थेंब घालायची, पंख्याच्या झोतातून खुर्ची बाजूला घ्यायची, आठवणीने पापण्या मिटायची. समोरच्या मशीनवाल्याने एकदा भीत भीत विचारलंही, "ताई, डोळा मारताय का मला?"

"पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या सुस्तावल्यात," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी गरम शेक घ्या. आणि धीर धरा."

धीर धरायला घर सोपं नव्हतं. सासूबाईंनी उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. लोकांची बोलणी जोडून देता देता त्यांची स्वतःची बहुधा तिथेच खर्ची पडली होती. "दूध वर येतंय." "कडी लाव." दिवसभराचं बोलणं एवढंच. सासरी आल्यावर ती माहेरी फोनवर म्हणाली होती, "घर कसलं, वाचनालय आहे!" शेवटी नवऱ्याने ऑफिसजवळ दोन खोल्या पाहून ठेवल्या. "तुझे डोळे जरा सुधारू देत, मग जाऊच," तो म्हणाला, आणि ती दिवस ढकलत राहिली.

मग एका संध्याकाळी डोळ्यांवरचा रुमाल निवला. ती चाचपडत उठणार तोच खांद्यावर हात आला. "पडून राहा." ऊन ऊन वाफ पुन्हा पापण्यांवर उतरली. आणि मग अगदी सहज आवाज आला, "लहानपणी आम्ही नदीकाठी राहायचो."

तेव्हापासून रोज नदी येऊ लागली. धुक्याच्या दिवसांत नुसता घंटेचा आवाज करत जाणारी होडी आली. भाडं म्हणून गाणं मागणारा नावाडी आला. सासूबाईंची होडी कधी पिवळी असायची, कधी हिरवी. रंगांत आयुष्य घालवणाऱ्या तिला ते खटकायचं. पण म्हातारपणी आठवणींचे रंग उडायचेच, असं म्हणून ती वाहत्या पाण्याबरोबर वाहत जायची. डोळे उघडले की सासूबाई पातेलं उचलून निघालेल्या असायच्या. "कडी लाव," म्हणत.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "थेंब बहुधा कायमचे राहतील. पण ग्रंथी जाग्या झाल्यात. रोजच्या शेकाची आता गरज नाही."

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाल्या? खोल्यांचा मालक मागे लागलाय."

"शेक चालू ठेवायला सांगितलंय," ती म्हणाली. "अजून चुरचुरतात रे. थांबू थोडं."

ती थांबली. रोज खोटे दुखरे डोळे मिटून पडू लागली. पण रुमाल पिळून पिळून लाल झालेली ती बोटं दिसली की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. या वयात त्यांना राबवायचं, आणि तेही लबाडीने! एका दुपारी निळ्यामागून निळे जुळवताना तिचा निश्चय झाला. आज सांगून टाकायचं. आई, डोळे बरे आहेत, खोल्या नकोत, शेकही नको. तुम्ही नुसत्या बसा आणि बोला.

ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. आपल्या किल्लीने तिने दार हलकेच उघडलं. स्वयंपाकघरात पातेल्यातलं पाणी खदखदत होतं आणि सासूबाई फोनवर होत्या. पलीकडे त्यांची धाकटी बहीण.

"अगं, कसली आलीये नदी!" सासूबाई म्हणत होत्या. "गिरणीमागच्या खोलीत जन्म गेला आपला. नळाला पाणी आलं तरी सण वाटायचा... छे, तिला कुठून कळणार?... डोळे? ते कधीच बरे झालेत तिचे. परवा सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवला पोरीने, मी पाहिलं ना... वेडी आहेस का? मी कशाला बोलू! शेक थांबला की दोघं निघालीच त्या खोल्यांकडे... ते सोड. तू मला आधी एखादी नवी गोष्ट सुचव, आणि लवकर सुचव. तिची यायची वेळ होत आली."