पोस्टकार्डावरची नावं

"अगं पोरींनो, आवाज वाढवा!" मोरीतून इंदुमती ओरडली. तिचे हात राखेनं भरलेले होते. दोन महिन्यांपूर्वी तिनंच आपल्या आवडत्या गाण्याची फर्माईश रेडिओला पाठवली होती, आणि आज निवेदिका त्यांच्या गावाचं नाव घेत होती.

सासूबाई, नवरा, दोन्ही मुली, धाकटे दीर, अगदी शेजारच्या गोदूताईसुद्धा. सगळ्यांची नावं आली आणि गाणं सुरू झालं.

"वहिनी, तुमचं नाव कुठंय?" दिरानं विचारलं.

तिचा हात थांबला. पोस्टकार्ड लिहिताना, रोज जेवणाची पानं मांडते तशी तिनं एकेकाला आठवून नावं लिहिली होती. वाढणारीचं पान त्यात नसायचंच.

"राहिलंच की," ती म्हणाली आणि पुढचं पातेलं ओढलं. "आवाज कमी केलात तरी चालेल आता."