वीतभर माया

टर्र, टर्र असा आवाज येत होता. तिला वाटलं, स्वप्नातच कुणीतरी टाके उसवतंय. शिंप्याच्या घरात सून म्हणून सात वर्षं काढली की हा आवाज झोपेतही ओळखू येतो. मग पायांना गार वारा लागला आणि तिने डोळे उघडले. तंबूची पायाकडची शिवण बाहेरून उसवली जात होती. फटीतून धुकं हळूच आत येत होतं.

ती पडूनच राहिली. सकाळचा उजेड कापडातून गाळून येत होता आणि नदी अगदी उशाशी वाहत असल्यासारखी वाटत होती. तीन दिवस हे असंच चाललं होतं. जाग कुठे संपते आणि झोप कुठे लागते, ते या काठावर कळतच नसे. डोंगरावरून उतरलेलं पाणी दगडांशी सारखं काहीबाही बोलत राही, आणि ऐकणाऱ्याचं स्वतःचं बोलायचं राहून जाई.

तिचंही राहिलं होतं. 'बाबा, मी पुन्हा लग्न करतेय.' एवढं पाच शब्दांचं वाक्य. आज दुपारी सामान बांधून परतायचं होतं आणि संध्याकाळी तिला मागणी घालणाऱ्या, तिच्या ऑफिसातल्या माणसाला उत्तर द्यायचं होतं. तिच्या मनात 'हो' होतं. पण बाबांना दुखवून हो म्हणणार नाही, असं तिने त्याला बजावून ठेवलं होतं. सासरे असले तरी तिला आता तेच वडील होते.

काल हिंमत गोळा करायला ती एकटीच पाण्याशी गेली आणि ते वाक्य नदीला मोठ्याने म्हणून दाखवलं. सराव म्हणून. वळली, तर दहा पावलांवर बाबा किटली भरत होते. "पाणी फार गार आहे," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

आणि आता ते तंबू उसवत होते.

तंबू त्यांनीच शिवलेला. त्यांच्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, डोंगर-नद्यांचं वेड. लोक लग्नात पोराला घड्याळ देतात, यांनी तंबू दिला. दोघांपुरता, लांबीला अगदी मुलाच्या मापाचा. मुलगा उंचीने तिच्याएवढाच होता, त्यावरून घरात रोज चेष्टा चाले. "बुटक्याला कापड कमी लागतं," म्हणत बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. दरवर्षी तिघं इथे यायची. नवरा-बायको आत, बाबा बाहेर झाडाखाली ताडपत्री बांधून. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत मुलगा गेला. तरी उरलेली दोघं येत राहिली. आत तिच्या शेजारची जागा रिकामीच असे. तिथे कुणी पिशवीसुद्धा ठेवत नसे.

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. आणि त्यांचं हे उत्तर होतं. पोराची एवढी एकच वस्तू दोघांत शिल्लक होती, तीही ते मोडून टाकत होते.

ती धडपडत बाहेर आली. बाबा ओल्या गवतावर मांडी घालून बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठांत सुई, हातात छोटी कात्री. धुक्यात पलीकडचा डोंगर नव्हताच, नदीही नव्हती, नुसता तिचा आवाज होता.

"बाबा, नका ना," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मी नाही म्हणून सांगते त्याला. आजच सांगते. पण हा उसवू नका."

बाबांनी ओठांतली सुई काढून कॉलरला टोचली.

"आधी हे टोक धर. नीट ताण."

शिंप्याच्या घरात कुणी टोक धर म्हटलं की रडतारडताही हात पुढे होतो. तिने धरलं. बाबांनी शेवटचा टाका तोडला आणि शिवणीच्या आत दुमडलेलं कापड झटकून मोकळं केलं. चांगली वीतभर पट्टी निघाली. बाकीचा तंबू सात उन्हाळ्यांनी विटून राखी झाला होता, आणि ही पट्टी कोवळ्या पानासारखी हिरवीगार. तंबू मुळात हिरवा होता, हेच ती विसरून गेली होती.

शिवणीच्या आत असं जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. ऑफिस सांभाळून ती दुकानात बसायला लागली तेव्हा बाबांनी तिला पहिलं हेच शिकवलं होतं. "माया सोडल्याशिवाय कात्री लावायची नाही हं. माणसं काय तेवढीच राहतात?"

"वीतभर पुरेल ना?" बाबांनी विचारलं.

"कशाला?"

"गेल्या महिन्यात एकजण दुकानात आला होता. पँट चांगली धडधाकट, तरी म्हणे लांबी बघा. माप घेईपर्यंत चार वेळा तुझं नाव काढलं त्याने आणि घामाघूम झाला." बाबांनी खिशातून दोरा काढला. नवाकोरा, हिरवा, घरूनच आणलेला. "तेव्हापासून वाट बघतोय, तू कधी सांगतेस. तर तू मला सोडून नदीला सांगितलंस."

त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. डोळ्यांत पाणी असलं की नेढं दिसत नाही. शेवटी त्यांनी सुई तिच्याकडे दिली.

"ओव तू. पुढच्या वर्षी मी आपला झाडाखालीच असेन. पण तो चांगला ताडमाड आहे गं. माझ्या पोराच्या मापात झोपला, तर पाय बाहेर राहतील त्याचे."